बाई आल्या, पाकिटं काढा

आजी गेली त्या आठवड्यात आमच्या समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘त्यागमूर्ती’, ‘निष्काम सेवा’, ‘मूक समाजसेविका’ असल्या शब्दांची रीघ लागली होती. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण मूक? माझी आजी? सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, वर बायकांच्या सज्जात बसून तिनं शेजारणीच्या कानात सांगितलेली गोष्ट खाली हजानला, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याला, ऐकू जायची आणि तो प्रार्थना थांबवून वर बघायचा. आणि त्यागाचं म्हणाल तर तेही मला पटत नाही. ज्याची हौस आहे ते सोडणं म्हणजे त्याग. आजीला हौस एकाच गोष्टीची होती, लोकांच्या घरात शिरून त्यांची कामं मार्गी लावायची, आणि ती तिनं नव्वदीपर्यंत मनसोक्त भागवून घेतली.

आमच्यात देवाचीच मूर्ती नाही, तर आजीची कुठून करणार? म्हणून जशी होती तशी लिहून ठेवते.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलेलं गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, मग कोकणातल्या गावोगावी तेलाचे घाणे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेलं ‘शनिवार तेली’ हे नाव, ही गोष्ट बऱ्याच मराठी वाचकांना आता माहीत असते. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, आष्टमकर. आजीचं माहेर अलिबागच्या इस्राएल आळीतलं, १८४८ सालच्या मागेन अबोथ सिनेगॉगच्या पायरीला लागून म्हणा ना. घाणा तिच्या आजोबांबरोबरच बंद पडला होता, वडील पोस्टात होते. तिची स्वतःची घाण्याशी ओळख एवढीच की विहिरीजवळ एक दगडी उखळ उलटं पडलेलं होतं आणि त्यावर बसून ती पाढे म्हणायची.

१९५३ साली लग्न होऊन ती मुंबईत आली, इस्राएल मोहल्ल्यात, सॅम्युअल स्ट्रीटच्या मागच्या चाळीत. हा सॅम्युअल म्हणजे सॅम्युअल इझिकेल दिवेकर. कंपनीच्या फौजेतला माणूस, टिपूच्या कैदेत सापडला, सुटला, आणि परत आल्यावर १७९६ मध्ये त्यानं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत. ही ‘जुनी मशीद’. मस्जिद बंदर स्टेशनचं नाव तिच्यावरून पडलं असं आजी ठासून सांगायची, आणि कोणी शंका काढली तर त्याला स्टेशनापासून तिथपर्यंत चालवत न्यायची. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत तिला नोकरी लागली. तेव्हापासून ती बाई झाली. घरात आजी, बाहेर बाई. पुढे आजोबांच्या कारखान्यामुळे बिऱ्हाड ठाण्याला हललं, तरी बाई हे नाव तिच्याआधी तिथे जाऊन पोचलं होतं.

ती मोहल्ल्यात आली तेव्हाच मोहल्ला रिकामा व्हायला लागला होता. १९५० च्या सुमाराला भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. आज चार-पाच हजार असतील, बहुतेक मुंबई आणि ठाण्याच्या पट्ट्यात. बाकीचे इस्रायलमध्ये, बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद. दर महिन्याला कोणाचा तरी मलिदा व्हायचा. म्हणजे ताटभर भिजवलेले गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलची, काजू-बदाम, भोवती पाच प्रकारची फळं, सब्जाच्या काड्या, आणि एलियाहू हनाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची, प्रार्थना, की बाबा जाणाऱ्याला सुखरूप पोचव. दुसऱ्या दिवशी त्या खोलीला कुलूप. आजीच्या भाषेत सांगायचं तर धडधाकट होते ते गेले, मागे राहिले म्हातारे, आजारी आणि भांडखोर. “यातली मी तिसरी,” हे ती स्वतःच सांगायची.

तिची समाजसेवा इथून सुरू होते. ती मुख्यतः मागण्याची होती. देण्याइतकं तिच्याकडे कधी नव्हतंच. शाळामास्तरणीचा पगार, आजोबांचा फिटरचा पगार, तीन मुलं. पण मागायला तिला कसलीही लाज नव्हती. ठाण्याच्या बाजारात आमच्यातलं एक दुकान होतं. ती दुरून दिसली की दुकानदार आतल्या मुलाला ओरडायचा, “बाई आल्या रे, पाकिटं काढा.” तिला हे माहीत होतं. तिला ते आवडायचं. सिनेगॉगच्या दारातल्या डब्यात टाकलेल्या नाण्यांना ती सदाका, म्हणजे दानधर्म, मानायचीच नाही. ते म्हणे मनाला खाज सुटली म्हणून. तिचा हिशेब वेगळा. एखादीचा नवरा गेला, घरात दोन मुली आहेत, तर रंबामनं, म्हणजे आमच्या मध्ययुगातल्या थोर धर्मपंडितानं, दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यात सगळ्यांत वरची पायरी कोणती? माणसाला अशा कामाला लावायचं की पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. म्हणजे शिलाई मशीन. म्हणजे इतके रुपये. म्हणजे तुझे पन्नास, ह्याचे पन्नास, आणि त्या कंजुषाचे शंभर, कारण तो कंजूष आहे. हा सगळा युक्तिवाद ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून, गिऱ्हाइकं ऐकत असताना, मोठ्यांदा करायची. गिऱ्हाइकांतले कोणी कोणी आपणहून दहाची नोट काढायचे. ती घ्यायची. मराठा, आगरी, बोहरी, काही बघायची नाही. मशिनीही तशाच गेल्या. आमच्या जातीत विधवा संपल्या की दुसऱ्यांच्या.

घेणाऱ्यांना मात्र तिनं कधी उघडं पाडलं नाही. मशीन पाठवायची ती अंधार पडल्यावर, हातगाडीवर गोणपाट टाकून. कोणाला गेली हे पैसे देणाऱ्यालाही सांगायची नाही. विचारलंच तर म्हणायची, “तुला पावती पाहिजे का?”

दुसरं तिचं मोठं खातं मिन्यानचं. सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेरा वर्षांच्या पुढचे, म्हणजे बार मिट्झ्वा झालेले. नऊ असतील तर सेफर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर निघत नाही, गेलेल्या माणसासाठीची कादिश प्रार्थना म्हणता येत नाही. बाई माणूस या दहांत धरत नाहीत. ठाण्याचं शआर हाशामाईम सिनेगॉग १८७९ चं, मुंबईबाहेर सगळ्यांत जास्त वस्ती आमचीच, सणावाराला उभं राहायला जागा नसते. पण साधी आडवारची संध्याकाळ असेल, कोणाच्या वडिलांची पुण्यतिथी असेल, पाऊस असेल, तर दहा कुठून आणायचे? आजी आणायची. दुपारी चार वाजता हॉलमधला काळा फोन मांडीवर घेऊन बसायची. तिची वाक्यं मला पाठ आहेत. “आठ झालेत. तू नववा. येताना धाकट्याला आण, त्याचं बार मिट्झ्वा मागल्या दिवाळीत झालंय, मी लाडू खाल्लेत.” पाय मोडलेल्या माणसाला रिक्षा पाठवायची आणि रिक्षाचे पैसे त्याच्याचकडून घ्यायची. एकदा मी मोठ्या तोऱ्यात तिला म्हटलं, ज्या दहांत तुला धरत नाहीत ते दहा तूच कशाला गोळा करतेस? वीस वर्षांची होते, असलं बोलायचं वय. ती म्हणाली, “भात शिजवणाऱ्याला पंगतीत मोजतात का?” आणि पुढचा नंबर फिरवला. हे उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही. तिलाही पुरतं पटत नसावं, कारण सिनेगॉगच्या कमिटीवर बायका घ्या म्हणून तिनं मुकादमाशी, म्हणजे सिनेगॉगच्या प्रमुखाशी, जे भांडण काढलं ते कित्येक वर्षं चाललं, आणि तेवढी वर्षं ती त्याच्या घरच्या लग्नांत जेवली नाही.

तिच्या वहीत एक वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलेलं आहे, १९६६ चं, डॉ. जेरुशा झिराड यांना पद्मश्री मिळाल्याचं. आजीची देवता असलीच तर या बाई. बेने इस्राएल घरातल्या, झिराड गावावरून पडलेलं आडनाव. शिकायला लंडनला गेल्या, १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची एम. डी. मिळवली, आणि पुढे १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा हॉस्पिटलच्या प्रमुख. आजीच्या आईची एक अडलेली सुटका कामामध्ये झाली होती, अलिबागहून गलबतानं आणून, त्यामुळे घरात हे नाव फार आदरानं घेतलं जायचं. पण आदर असला तरी भांडण होतंच. लंडनहून येताना डॉक्टरबाई तिथल्या उदारमतवादी ज्यू लोकांचे विचार घेऊन आल्या आणि १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन काढली. आजी त्यांच्या नावानं हात जोडायची आणि लगेच म्हणायची, “बाळंतपणं केली असती आणखी, प्रार्थना कशाला बदलायच्या?”

आता पत्रांबद्दल. हा भाग मी ऐकलेला, माझ्या जन्माच्या बऱ्याच आधीचा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कचेरीनं असा आदेश काढला की बेने इस्राएल मुलाचं किंवा मुलीचं बाकीच्या ज्यूंशी लग्न लावायचं असेल तर आधी त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. म्हणजे दोन हजार वर्षं कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवला, सुंता चुकवली नाही, शेमाची प्रार्थना विसरले नाहीत, आणि आता दाखला आणा. इकडे निळ्या एरोग्रामांचा ढीग यायला लागला. बाई, माझ्या आईचा केतुबा (लग्नाचा करारनामा) पेणच्या सिनेगॉगात सापडेल का बघा. बाई, आजीची कबर रेवदंड्याला आहे, त्यावर काय लिहिलंय ते उतरवून पाठवा. आजी रविवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरायची, रेवसला उतरून एसटीनं गावं पालथी घालायची. केतुबा वाळवीनं खाल्लेले असायचे. कबरीवर कुठे हिब्रू, कुठे मराठी, आणि नवगावच्या सगळ्यांत जुन्या कबरींवर तर एक अक्षर नाही, नुसते दगड. ते काय पाठवणार? जे मिळेल ते ती आपल्या शाळेच्या अक्षरात उतरवून काढायची, खाली गावच्या दोन म्हाताऱ्यांचे अंगठे घ्यायची आणि पाठवायची. त्याचा तिथे किती उपयोग झाला देव जाणे. १९६४ च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, क्नेसेतनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं जाहीर केलं, आणि त्या आदेशातून आमचं नाव गेलं. आजीनं त्या दिवशी शाळेत पेढे वाटले. मुलांना वाटलं बाईंना मुलगा झाला.

मुलगा झाला नव्हता. मुलगी मात्र होती, माझी आई, आणि या सगळ्या गोष्टीची तिची बाजू निराळी आहे. त्याच पत्रांच्या काळात, सात वर्षांची असताना, तिला गोवर आला. अंगात ताप, डोळे उघडवेनात, आणि आई कुठे? पेणला, कोणाच्या तरी आजीचा केतुबा शोधायला. शेजारच्या खोलीतल्या मालवणी काकूंनी कडुलिंबाचा पाला आणून अंथरुणावर पसरला, रात्रभर उशाशी बसल्या. आईला त्या पाल्याचा वास अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आजी आली, कपाळाला हात लावला, ताप उतरलाय म्हणाली आणि एरोग्राम लिहायला बसली. ही गोष्ट मी आईच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यातले तपशील कधी बदलत नाहीत हेच मला विशेष वाटतं. आजीसमोरही सांगायची. आजी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “त्या मुलीचं लग्न झालं ना पण.” मग आई उठून स्वयंपाकघरात जायची. आईनं तिचं एक वर्णन करून ठेवलं होतं, जगाची बाई आणि घराची पाहुणी. ते मामालोकांना फार लागायचं. मला ते बरोबर वाटतं. त्याचबरोबर हेही खरं की गोवराच्या गोष्टीतल्या त्या काकूंच्या मुलाला पुढे नोकरी लावायला कोण कुठे कुठे जाऊन बसलं होतं ते आई सांगत नाही. ते मला त्या मुलानं सांगितलं. आता तेही सत्तरीचे आहेत.

आई सामाजिक कामात कधी पडली नाही. बँकेत नोकरी केली, रविवारी घरी असायची, माझ्या प्रत्येक तापाला रजा घ्यायची. मोहल्ल्यातल्या लोकांनी तिला धाकट्या बाई म्हणून पाहिलं तर ती तुटक बोलायची.

एका दिवशी मात्र आईचीही सुटका नसायची, नव्याच्या सणाआधी चिकाच्या हलव्याच्या दिवशी. रोश हाशानाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, आमच्याकडे हा हलवा लागतोच. गहू दोन-तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, फडक्यातून पिळून चीक काढायचा, तो बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं. मग नारळाचं दूध, साखर, चिमूटभर मीठ, लाल रंग, आणि मोठ्या पातेल्यात मंद आचेवर घोटत राहायचं. घोटणं थांबलं की तळाला धरलंच. तीन-तीन तास. हल्ली लोक चायना ग्रास घालून अर्ध्या तासात करतात. त्याच्या वड्या सुंदर पडतात आणि चवीला काही नसतात. आजी घरापुरता हलवा करायचीच नाही. स्त्री मंडळाच्या नावानं सिनेगॉगच्या आवारात चार चुली मांडायची, आणि ठाण्यातल्या ज्या ज्या घरात सण करणारं कोणी उरलं नाही त्या घराचा वाटा त्यात धरायची. घोटायला माणसं कुठली? जो आवारात पाय टाकेल तो. देणग्यांचा हिशेब मागायला आलेला खजिनदार, पोस्टमन, एकदा तर परदेशातून आमच्यावर संशोधन करायला आलेली एक तरुणी, सगळ्यांच्या हातात तिनं लाकडी उलथनं दिलं. “विचार काय विचारायचंय ते, पण हात थांबवू नको.” दुपार कलली की हलवा गोळा व्हायला लागायचा, कडा सोडायचा, तुपाशिवाय नुसत्या नारळाच्या तेलानं चकाकायचा. मग आईची पाळी. शेवटचा अर्धा तास आजी दुसऱ्या कोणाच्या हातात देत नसे. आई काही न बोलता पदर खोचून उभी राहायची, आणि हलवा थाळ्यात ओतेपर्यंत या दोघी एकमेकींकडे बघायच्याही नाहीत. त्या दिवशी घरी येताना आईचा हात दुखायचा आणि ती खूश असायची. कबूल करणार नाही.

राहिलं कफनाचं काम. हे आजीनं सगळ्यांत जास्त वर्षं केलं आणि याबद्दल ती कोणाकडे काही बोलायची नाही, म्हणजे मूक शब्द लावायचाच तर इथे लावा. आमच्यात बाईमाणूस गेलं की तिला अंघोळ बायकाच घालतात, आणि अंगावर पांढरं साधं शिवलेलं वस्त्र घालतात, श्रीमंत असो की गरीब, तेच. मेलेल्या माणसासाठी केलेल्या कामाला आमच्यात हेसेद शेल एमेत म्हणतात, खरी दया, कारण त्याची परतफेड व्हायची शक्यता नाही. आजीला हे ‘दया’ प्रकरण मंजूर नव्हतं. ती म्हणायची, हे शिवणकाम आहे, नीट करायचं. रविवारी दुपारी जमिनीवर मांजरपाट पसरायची, कात्रीनं नुसतं टोक कापून बाकी हातानं टर्रकन फाडायची, आणि लांब लांब टाके घालायची. दोऱ्याला गाठ मारायची नाही. सुरुवातीलाही नाही, शेवटालाही नाही. खिसा नाही. मी लहान असताना विचारलं होतं, खिसा का नाही? “तिथे मी पाकिटं काढा म्हणायला जाणार नाही म्हणून,” ती म्हणाली आणि आपल्याच विनोदावर इतकी हसली की सुई हरवली. दोन-तीन जोड कायम तयार ठेवायची, कपाटात खालच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळून. एकावर तिनं पेन्सिलीनं आपलं नाव लिहून ठेवलं होतं. वेळ सांगून येत नाही, आणि आमच्यात दफन शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी. रात्री अकराला कापडाचं दुकान कुठे उघडायला लावायचं?

२०२४ च्या पावसाळ्यात ती गेली. मंगळवारी, रात्री साडेनऊच्या पुढे. मामांनी फोन लावायला घेतले, कबरस्तानात सांगितलं, हजान आले. मी कपाटाचा खालचा खण उघडला. वर्तमानपत्र होतं, आत काही नाही. मग वही काढली. २०२० च्या मे महिन्यात, लॉकडाउनमध्ये कापडाची दुकानं बंद असताना, तिच्या अक्षरात, थरथरत्या: ‘माझं दिलं. पुन्हा शिवणे.’ कोणाला दिलं ते नाव होतं, ते इथे लिहीत नाही. पुन्हा शिवणं झालं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला सुई दिसेना, आणि आपलं कफन शिवून द्या असं तिनं कोणाला सांगितलं नसावं. जगभर मागणारी बाई.

कफन शिवायला मंडळातल्या मावशींपैकी कोणाला बोलवायचं याची चर्चा चालू होती. आई आतून कापड घेऊन आली. मांजरपाट होतं, पलंगाखालच्या ट्रंकेत, कधीचं आणून ठेवलेलं. ती जमिनीवर बसली, कात्रीनं टोक कापलं आणि टर्रकन फाडलं. मी दोरा ओवून दिला आणि सवयीनं गाठ मारायला गेले, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. पहाटे तीनच्या सुमाराला झालं. टाके आजीच्या टाक्यांसारखेच, लांब आणि सरळ. मी विचारलं, तुला हे येत होतं? ती म्हणाली, “लहानपणापासून बघतेय. तिनं कधी कर म्हटलं नाही मला.” जरा वेळानं म्हणाली, “जगाला म्हणायची.”

सकाळी ठाण्याच्या कबरस्तानात इतकी माणसं होती की मिन्यान कितीदा तरी झालं असतं. अंघोळ घालायला आई गेली. मला नेलं नाही, आणि मी आग्रह धरला नाही. सातव्या दिवशी जियारतीची प्रार्थना झाली, मलिदा झाला, मुकादमाच्या घरचे सगळे आले आणि पोटभर जेवले.

ती वही आता माझ्याकडे आहे. जाडजूड, लाल कापडी पाठीची, दुकानदारांची असते तसली. हिशेब, फोन नंबर, केतुब्यांच्या नकला, कोणाची सोयरीक कुठे मोडली आणि का (हे वाचून मी दोन दिवस हादरले होते), कोणत्या डॉक्टरकडे पैसे कमी पडतात. नावं गाळून यातलं काही लिहिता येईल का ते बघेन. आईनं वही वाचलेली नाही. मात्र शुक्रवारी दुपारी घरी कोणाचा तरी फोन येतो, आज किती होतील हो, आणि ती आधी त्रासून “मला काय विचारता” म्हणते आणि मग दोन नावं सुचवते.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत येणं लिहिलेलं आहे. बरंचसं खोडलेलं, काही माणसं खोडण्याच्या पलीकडे गेलेली. एक नोंद मात्र उघडीच आहे: ‘मंडळाचं मोठं पातेलं, पितळी, कल्हई केलेलं, झाकणासकट. पेणला लग्नाला दिलं. पाच वेळा सांगितलं, अजून आलं नाही.’ तारीख नाही. हलव्याच्या चार चुलींपैकी एका चुलीवरचं ते पातेलं. हे वाचणाऱ्यांत पेणचं, रोह्याचं, पनवेलचं कोणी असेल आणि घरात माळ्यावर असं काही पडलं असेल, तळाला स्त्री मंडळाचं नाव ठोकलेलं आहे, तर मला कळवा. नव्याचा सण जवळ आलाय. मी टेम्पो पाठवते, भाडं तुम्ही द्या. झाकण नसलं तरी चालेल.